वर&खाली

हुशार माणूस घरात असला तर बिघडत नाही. तो रिकामा असला की बिघडतं.

डेंटल लॅब वहिनीची होती आणि दिराला सगळं कळत होतं. कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम हवी, हे त्यालाच कळलं; विचारतो कुणाला, टाकून मोकळा. सकाळी दात कोरायचं यंत्र ढिम्म.

भानगड अशी. लॅबची सवय जुनी : चालू पेशंटचे वरचे नि खालचे दात एकाच फाइलमध्ये, नाव वर&खाली. यंत्राला हुकूम द्यायचा तो टाइप करून, फाइलच्या नावासकट. आणि हुकुमाच्या ओळीत & म्हणजे ‘इथे एक हुकूम संपला, आता दुसरा’. जुन्या सिस्टिमवर दिराने त्या चिन्हाआधी ^ ठेवून & चं तोंड बंद केलं होतं. नवी सिस्टिम ^ ला ओळखही दाखवीना.

कोर वर^&खाली

लाल अक्षरं. बरीच.

“भाऊजी, नावातून ते चिन्हच काढा ना.”

“नाव बदलायला अक्कल लागत नाही, वहिनी.”

“म्हणून तर म्हणतेय. जमेल तुम्हाला.”

(हे त्याने ऐकलं नाही. अशा माणसांचे कान फक्त स्वतःसाठी असतात.)

वहिनीचा जीव टांगणीला लागलेला. ज्यातून दात कोरून काढायचे ती चकती एकच उरलेली, नवी परवा येणार. दुपारी वकीलबाई यायच्या होत्या. पडून पुढचे दात गेलेले, आणि उद्या कोर्टात उभं राहायचं.

कोर "वर&खाली"

यंत्र घरघरलं! दीर खुर्चीत मागे रेलला.

“अवतरणचिन्हांत घातलं की & गरीब गाय. सिस्टिम कुठलीही असो. नियम आहे.”

नियम होताच. फक्त नव्या सिस्टिमने पाहिलं, नावात मोकळी जागा नाही, म्हणजे ते तुटायची भीती नाही. मग अवतरणचिन्हं कशाला? काढली, आणि नाव तसंच उघडंबोडकं यंत्र चालवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमकडे ढकललं. त्याने ते & पाशी तोडलं. उरलं ‘वर’. त्या नावाची फाइल होतीच, कुणा आजोबांच्या दातांचा नमुना, कधीकाळचा.

यंत्र आज्ञाधारक. आजोबांचे दात सुबक कोरले. चकतीची चाळण.

वहिनीने ते दात उजेडात धरले. “हे कुणाचे?”

“तांत्रिकदृष्ट्या हुकूम बरोबर होता.”

“मग तांत्रिकदृष्ट्या वकीलबाईंना तुम्हीच सांगा.”

त्याने सांगितलं. जुनी सिस्टिम, नवी सिस्टिम, ^ चा इतिहास, अवतरणचिन्हांची गळती. कागदावर बाण काढून. वकीलबाई तोंडावर रुमाल धरून बसल्या होत्या. बोलायला ओठ उघडायचे, तर दात नव्हते. डोळ्यांत मात्र अख्खा खटला उभा होता.

दीर खूश झाला. मध्येच न तोडता शेवटपर्यंत ऐकणारं माणूस त्याला आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं.