गाडी लागली!

आमच्या वस्तीची खोडच अशी, की पूर आला म्हटलं की माणसं घरातून निघतात खरी, पण नदीकडे. पूर बघायला! पंचायतीनं भोंगा बसवला, त्याचीही तीच गत. तालमीसाठी वाजवला, तर अर्धी वस्ती मोबाइल घेऊन काठावर हजर.

वत्सलाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. मागच्या पुराचं पाणी आडात शिरलं, तेच आम्ही प्यालो आणि हगवणीनं तिचा तरणाताठा लेक गेला. तेव्हापासून तिनं एकच ध्यास घेतला होता. पुन्हा पुरापायी वस्तीतलं एकही माणूस जाऊ द्यायचं नाही.

"भोंग्यानं कुनी उठत न्हाई," ती नवऱ्याला, ऊसतोड टोळीचा मुकादम असलेल्या शहादेवला म्हणाली. "तुमी टोळीला कसं उठवता?"

"हॉर्न वाजवायचा, 'गाडी लागली' म्हनायचं. मागं राहील त्याच्यासाठी ट्रॅक्टर थांबत न्हाई."

"मग तीच हाक द्या की!"

ऊसतोडीला निघताना एका हाकेत पेटी, पीठ, पोरं, कोंबड्या ट्रॉलीत चढवण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. वत्सलाबाईनं त्यात पिण्याच्या पाण्याच्या भरल्या कॅनची भर घातली. पूर ओसरल्यावरही आशा सेविका वर्षाराणीनं औषध टाकेपर्यंत आडाचं पाणी प्यायचं नाही, असं घरोघर बजावलं.

भादव्यात एका दुपारी नदी फुगली. शहादेवनं हॉर्न दाबला, "गाडी लागली!"

काय पळापळ झाली! गुडघ्यांच्या नावानं रडणारी दगडाबाई गाठोडं घेऊन सगळ्यांच्या पुढं. पाणी घरात शिरलं तेव्हा अख्खी वस्ती माळावरच्या शाळेत होती.

"आता बघा पूर, पोटभर!" वत्सलाबाई म्हणाली.

पाणी ओसरलं. राधाकिशन घागर घेऊन आडाकडे निघाला, तर वत्सलाबाई वाटेत आडवी. "आदी औषध पडू दे." बिचारा रिकामी घागर घेऊन मागं फिरला.

मग सलाइनच्या बाटल्या घेऊन डॉक्टरांची गाडी आली.

"पेशंट कुठं आहेत?"

"न्हाईत."

"एकही नाही?"

"एक बी न्हाई," वत्सलाबाई म्हणाली आणि तिनं पदरानं डोळे पुसले. आमच्याही डोळ्यांना पाणी आलं. खोटं कशाला बोलू, छाती अभिमानानं भरून आली होती.

शहादेवनं खुशीत हॉर्न वाजवला, तर दगडाबाई गाठोडं उचलून पुन्हा दारात!

वत्सलाबाई खळखळून हसली. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच.