राबंहाना

लोखंडबाबाने आपला उजवा हात पत्रा दाबणाऱ्या प्रेस-मशीनच्या जबड्यात घातला आणि खाली झेपावणारा लोखंडी ठोकळा अधांतरी थबकला.

"थांब म्हटलं, थांबलं!" बाबा गरजला. "हे लोखंड माझं लेकरू आहे. माझ्या शब्दाबाहेर नाही!"

शेडमधल्या माणसांनी हात जोडले. याच मशीनने दोघांची बोटं खाल्ली होती. फरशीवरचा डाग अजून निघाला नव्हता. दोन्ही वेळा शेजारी इथेच राबणारी, दोघी बहिणींतली थोरली उभी होती, एवढाच तिचा गुन्हा. मुकादमाने बाबाला आणलं, बाबाने तिच्याकडे बोट दाखवलं आणि सकाळपासून थोरली मार खात होती. ओठ फाटला होता, केस कुणाच्या तरी मुठीत होते.

"हिच्या अंगात काही नसेल, तर लोखंड हिलाही सोडेल," बाबा म्हणाला. "असेल, तर हातासकट घेईल. आणा तिला!"

"ताई!"

निरोप मिळताच धावत आलेली धाकटी गर्दीत घुसली. कुणीतरी तिच्या कानशिलात लगावली. ती पडली, उठली, पुन्हा घुसली.

मशीनचे प्रोग्राम लिहिणाऱ्या कंपनीत ती कामाला होती. पडद्यावरची अर्धीमुर्धी वाक्यं सुधारत बसायची, म्हणून ऑफिसात तिला 'शुद्धलेखनबाई' म्हणत. या प्रेसचा प्रोग्राम तिथल्या साहेबांनी लिहिलेला. ते हसायचे, "अगं, यंत्राला कुठं व्याकरण लागतं?"

मुकादमाने बाजूच्या पेटीतली किल्ली हळूच फिरवली. मशीनच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली: राबंहाना.

"माझ्या गुरूचं नाव!" बाबा थयथय नाचला. "रोज तुमच्या डोळ्यांपुढे उमटतंय, आंधळ्यांनो! बोला, राबंहाना!"

"राबंहाना! राबंहाना!" पत्रे दणाणले. दोघांनी थोरलीचं मनगट धरून जबड्याकडे ओढलं.

धाकटीने पडद्याकडे बघितलं. साहेबांची शब्द तोडून पहिलं अक्षरच लिहायची खोड तिला ठाऊक होती. रा, बं, हा, ना: राखण बंद, हात नाही. लोक धोक्याच्या सूचनेचाच जप करत होते!

कोपऱ्यातला झाडूचा दांडा उचलून तिने मशीनमध्ये खुपसला आणि ठोकळा सोडणारी पायपट्टी दाबली.

कडाड! दांड्याच्या चिंधड्या उडाल्या. एक ढलपी बाबाच्या गालात घुसली. जप थांबला.

"आता घाला हात, बाबा. लेकरू ना तुमचं?"

बाबा गाल दाबत मागे सरला. "मुहूर्त... मुहूर्त टळला."

"मुहूर्त नाही, किल्ली!" तिने मुकादमाला ढकलून किल्ली उलटी फिरवली आणि उरलेलं थोटूक आत धरून पुन्हा पायपट्टी दाबली. ठोकळा खाली आला आणि अधांतरी थबकला. "बघा, झाडूलाही सिद्धी आली! या तोंडाशी न दिसणाऱ्या उजेडाचा पडदा आहे. काहीही आड आलं की मशीन थांबतं. हीच राखण. तिच्यामुळे काम रेंगाळतं, म्हणून मुकादम किल्ली फिरवून ती बंद ठेवतो; बाबाच्या हातापुरती तेवढी चालू केली. बोटं त्याने खाल्ली, माझ्या ताईने नाही."

आता गर्दी उलटली. बाबाची जटा कुणीतरी धरली, मुकादमाच्या नाकातून रक्त आलं.

"मारू नका," फाटक्या ओठाने थोरली म्हणाली. "मारून काही कळत नाही. सकाळपासून बघतेय मी. पोलिसांना बोलवा."

मुठी सैल पडल्या.

धाकटीने साहेबांना फोन लावला. "यंत्राला नाही लागत व्याकरण, साहेब. बोटांना लागतं." मग पिशवीतला लॅपटॉप मशीनला जोडून ती लिहायला बसली.

प्रोग्राम चालवतं यंत्र, पण वाचतो माणूस. त्याच्यासाठी नीट, पूर्ण वाक्य लिहिणं ही माया आहे; अर्धवट सोडलेल्या अक्षरांत मग कुणीही बाबा आपला देव बसवतो. म्हणून न कळणाऱ्या शब्दापुढे हात जोडू नका. अर्थ विचारा.

धाकटीने तपासायला किल्ली फिरवली आणि राबंहानाच्या जागी नवी अक्षरं उमटली. हाताला पट्टी बांधलेला एक कामगार पडद्यापाशी आला आणि अक्षर अक्षर लावत वाचू लागला, "बोटांची राखण बंद आहे. आत हात घालू नका."

त्याने पुन्हा एकदा वाचलं. मग पट्टीकडे बघितलं.

"एवढंच होतं होय?" तो म्हणाला. "एवढं तर मला वाचता येत होतं."