सैल वेणी

“धोंडप्पाअण्णा, हातातलं ठिवा अन् हिकडं या जरा.”

शेजारच्या सरजाबाई ओट्यावर धोंडप्पाच्या लेकीला, शिवकन्याला, पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. पोरीनं शाळेतून उवा आणल्या होत्या, म्हणून रविवारी सकाळीच त्यांनी फणी काढली होती. धोंडप्पा आत भांडी घासत होता. तसाच ओल्या हातानं बाहेर आला.

“हे बगा.” सरजाबाईंनी पोरीच्या कानावरचे केस बाजूला केले.

बाजूला करायला तिथं फारसे केस नव्हतेच. कानाच्या वर दोन बोटं रुंद जागा उघडी पडली होती. दुसऱ्या कानावरही तसंच. मधला भांगही रुंदावला होता.

“हे कधीपासून?”

“मला काय इचारता? रोज तुमीच इंचरता की.”

ते खरंच होतं. बायको, बसम्मा, काविळीनं गेली त्याला सात-आठ महिने झाले होते. ती असताना धोंडप्पानं लेकीच्या केसांना कधी हात लावला नव्हता. ती गेल्यावर शाळेच्या पहिल्याच दिवशी शिवकन्या कंगवा नि लाल रिबिनी घेऊन पुढ्यात येऊन बसली, आणि त्याला शिकावं लागलं. जड काही गेलं नाही. लातुरातल्या डाळ मिलमध्ये तो डाळीच्या पोत्यांची, कट्ट्यांची, तोंडं दाभणानं शिवायचा. त्याच्या हातच्या कट्ट्यातून दाणा सांडत नसे. त्यानं घातलेल्या वेण्या संध्याकाळी पोरगी परत आली तरी सकाळसारख्याच असायच्या. “बाईमाणसापरीस बरी घालता की वो,” असं सरजाबाईच एकदा म्हणाल्या होत्या. त्याला ते बरं वाटलं होतं.

आता त्याच म्हणाल्या, “बोअरचं पाणी हाय हे. मिठासारखं हाय आपलं पाणी. माजे तरी कुठं राहिले?”

मिलमध्ये त्यानं वीरेशला विचारलं. वीरेश त्याच्याबरोबर कट्टे शिवायचा.

“शाम्पूची पुडी वापरती का?”

“वापरती.”

“बंद करा. अन् तेल? तेल कमी पडत आसंल.” मग सुतळी तोडता तोडता वीरेशचा आवाज उतरला. “अण्णा, खरं सांगू का? आईचं दुःख हाय ते. लेकरू बोलत न्हाई, मग आसं कुठून तरी निघतं.”

हे धोंडप्पाच्या मनात रुतून बसलं. दुःख असेल तर त्यावर काय करायचं, हे त्याला समजेना. पाण्याचं निदान काही करता येण्यासारखं होतं. त्यानं डोकं धुवायला प्यायच्या पाण्याचा जार लावला. गल्ली हसली. “आमी पितो, ह्ये डोक्यावर वतायलेत,” असं लोक म्हणू लागले. शाम्पू बंद झाला, शिकेकाई आली. कढत पाण्यानं मळ निघतो म्हणून पाणी आणखी कढत झालं. तेल एवढं थापलं की बाईंनी वर्गात पोरीला मागच्या बाकावर बसवलं. आणि केस गळतच आहेत तर निदान जागेवर धरून ठेवावेत, म्हणून तो वेण्या आणखी आवळून घालू लागला. रात्रीही सोडू देईना.

उघडी जागा वाढतच गेली.

शेवटी एक दिवस सुट्टी टाकून तो तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दिव्याखाली डोकं पाहिलं, रिबिनी नि त्याखालचे रबर सोडले, नखानं कातडी चाचपली.

“वेण्या कोण घालतं?”

“मीच. हिची आई न्हाई.”

“घाला बरं इथं. रोज घालता तशी एक.”

धोंडप्पानं मन लावून घातली. डॉक्टरीणबाई वेणीकडे पाहत नव्हत्या, पोरीच्या कपाळाकडे पाहत होत्या. पोरीच्या भुवया वर ताणल्या गेल्या होत्या.

“दुखतंय का गं?”

शिवकन्यानं बापाकडे पाहिलं. “न्हाई.”

बाईंनी वेणीच्या मुळाशी करंगळी सरकवून पाहिली. सरकली नाही. “काका, आजार काही नाही हिला. तुम्ही रोज ओढताय, मुळं सैल होतायत. न्हाल्यावर लगेच विंचरता का?”

“शाळा आसती. वाळायला येळ कुठं ऱ्हातो?”

“ओला केस तुटतो, काका. आदल्या संध्याकाळी धूत जा, कोमट पाण्यानं. रबर टाकून द्या. रात्री केस मोकळे. आणि वेणी सैल घाला.”

“अन् पाणी? अन् ते... दुःखाचं?”

“ते असेल. पण हे तुमच्या हातानं झालंय.”

“परत येतील का?”

“बरेचसे येतील. कानावरच्यांचं आत्ताच सांगता येत नाही.”

बाहेर ऑटोची वाट बघत दोघं उभे राहिले. त्यानं विचारलं, “दुखत व्हतं तर बोलली का न्हाईस?”

शिवकन्या रिबीन बोटाला गुंडाळत होती.

“सांग की.”

“तुमी मला सरजामावशीकडं धाडलं आसतं, येणी घालायला.”

“मग? तिनं नीट घातली आसती.”

“अव्वा गेल्यापासून तुमी तवाच बोलता, अप्पा. येणी घालताना. दिवसभर मग गपच आसता.”

वेणी घालताना तो मिलमधलं काहीबाही सांगायचा. तुरीचा भाव, वीरेशची चेष्टा, मुकादमाचा राग. पोरीला करमावं म्हणून आपण बोलतो, असंच त्याला वाटत होतं. आता त्याला रागवावं की जवळ घ्यावं, हेच कळेना. ऑटो आला, तिला घेऊन तो बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केस कोरडे होते. शिवकन्या नेहमीसारखी पुढ्यात बसली. त्यानं तीन पेड केले नि हलक्या हातानं घालत गेला. शेवटाला येईतो वरून सगळी उकलली. पुन्हा घातली. पुन्हा उकलली.

“अव्वा कशी घालायची गं? किती सैल?”

“मला काय ठाव? ती मागं आसायची.”

त्यानं तिसऱ्यांदा घातली. वाकडी झाली, बाजूनं केस निघाले. तिनं डोकं हलवून बघितलं. राहिली.

“दुखतंय का?”

“न्हाई.”

ह्या ‘न्हाई’वर विश्वास ठेवावा की नाही, त्याला समजेना. तो वाकून तिच्या तोंडाकडे बघायला गेला, तर तिनं मान फिरवली. मिलचा भोंगा झाला. शाळेचीही वेळ होत आली होती. बोलायला हवं होतं, पण बोलण्यासारखं काही आठवेना. त्याच्या हातात कंगवा तसाच होता.

एक वेणी झाली होती. दुसरी राहिली होती.