तळहातातलं सुखरूप कवच

"काका, हे कवच एवढं भारी आहे, तर तुमच्या स्वतःच्या गाडीला का नाही?"

प्रश्न विचारला मी, पण सुचला होता इंद्रायणीला. पेठच्या मैदानावर जुन्या गाड्यांचा बाजार भरला होता आणि आम्ही तिघी मैत्रिणी पप्पांसोबत, त्यांनी नुकत्याच घेतलेल्या जुन्या सात सीटरमधून तिथे आलो होतो. चिमाजीसर नावाचा माणूस हातात माइक घेऊन 'सुखरूप कवच' विकत होता आणि त्याच्याभोवती ही गर्दी! इंद्रायणी मागून फिरून आली आणि माझ्या कानात म्हणाली, "कल्ये, त्याची गाडी बघितली का? काचेवर कवचाचं स्टिकर नाहीच. पुढे लिंबू-मिरची लटकतेय."

"विचार की त्याला," समृद्धी म्हणाली.

"तूच विचार."

"घाबरली! वक्तृत्वात कप आणते आणि इथं फाटली."

आता असं म्हटल्यावर कोण गप्प बसेल? पण मी विचारलं तेव्हा काय झालं ते सांगण्याआधी गर्दी कशाला जमली होती ते सांगते.

सुखरूप कवच म्हणजे जुन्या गाडीची वॉरंटी. ज्या कंपनीने गाडी बनवली तिची नाही, ज्याने गाडी विकली त्याचीही नाही, तिसऱ्याच कोणाची तरी. वर्षभरात काहीही बिघडलं तरी कवचवाले दुरुस्त करून देणार म्हणे. एवढ्यावर कोणी भुललं नसतं. लोक भुलले ते चमत्काराला.

"हा पिवळा दिवा बघा, पावणं!" चिमाजीसर एका चालू गाडीच्या स्टिअरिंगमागे बोट दाखवत होते. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा तिथे पेटला होता. "तुमी म्हनता दिवा. मी म्हनतो, हा गाडीचा हुंदका हाय हुंदका! इंजिन रडतंय आतून. आता बघा."

त्यांनी काडेपेटीएवढं काळं यंत्र स्टिअरिंगखाली खोचलं. "ही नाडी बघितली." मग काचेवर चकचकीत, इंद्रधनुष्यी रंग मारणारं स्टिकर चिकटवलं. "हे कवच चढवलं." मग मोबाइल काढून त्यावर बोट मारलं. "ही नोंदणी झाली. एक मिनिट सगळी गप ऱ्हावा."

सगळे गप्प राहिले आणि दिवा विझला.

अशा टाळ्या पडल्या की शेजारच्या झाडावरचे बगळे उडाले. "आयला, गेला की राव!" एक आजोबा ओरडले. एका बाईने तर गाडीच्या बॉनेटला हात लावून नमस्कार केला.

"इंजिन बसलं? कवच! गिअर अडकला? कवच! बायको रुसली?" चिमाजीसर थांबले. "तिला बी देऊ, पन तिची वॉरंटी न्हाई!"

हशा पिकला. त्या हशात पप्पाही होते, आणि हसता हसता ते पुढे सरकत होते. कारण आमच्या गाडीतही तोच पिवळा दिवा पेटत होता.

आमचं घर तळेघरजवळच्या वाडीत. शाळा खाली घोडेगावला, म्हणून मी हॉस्टेलवर राहते. पप्पा बरीच वर्षं डेअरीचा टेम्पो चालवत होते, त्या टेम्पोला दिवे म्हणजे पुढचे दोन. ते काम सुटलं तेव्हा त्यांनी ठरवलं, आपली गाडी घ्यायची आणि वरच्या वाड्यांतल्या पोरींना रोज शाळेत न्यायचं-आणायचं. परवानगीची कागदपत्रं पण करून आणली. दिवाळीची सुट्टी संपली की मी हॉस्टेल सोडून घरी राहणार होते. रोज संध्याकाळी आईच्या हातची नाचणीची भाकरी! मी तर हॉस्टेलची पेटीसुद्धा आवरून घरी आणली होती.

आता एक गंमत, म्हणजे मला तेव्हा गंमत वाटली. आमच्या घरात नवस नाही, गंडा नाही, अंगारा नाही. पणजोबांनी छप्पन्नच्या नंतर दीक्षा घेतली तेव्हापासून बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती, बाकी काही नाही. गाडी आणली त्या दिवशी शेजारचे गेणूकाका लिंबू-मिरची घेऊन आले, तर पप्पा हसून म्हणाले, "जय भीम, गेणूभाऊ. ती मिरची कालवणात टाकू." तेच पप्पा स्टिकरपुढे हरले. का? तर ते चमकत होतं, त्यावर इंग्रजी लिहिलं होतं आणि विकणाऱ्याने टाय लावला होता. लिंबाला हसणारा माणूस हॉलोग्रामला हसत नाही, हे मला पेठच्या मैदानावर कळलं.

तर मी प्रश्न विचारला. गर्दी माझ्याकडे वळली. चिमाजीसरांचा चेहरा क्षणभर पडला आणि लगेच हसरा झाला.

"वा वा! कुनाची गं पोर?"

"माजी हाय," पप्पा पुढे झाले. लाजले होते.

"हुशार हाय! अशा पोरीच्या हातानंच करू की. कुटली गाडी तुमची? ये बाळ, तुज्या हातानं चढव कवच. म्हंजे तुजी शंका बी जाईल आन दिवा बी जाईल."

मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, गाडी चालू केली. पिवळा दिवा समोरच. सरांनी नाडीयंत्र खोचलं आणि माझ्या हातात स्टिकर दिलं. त्या क्षणी मला आमच्या उज्ज्वला मॅडम आठवल्या. विज्ञानाच्या प्रॅक्टिकलला त्या नेहमी म्हणतात, "औषध घालून काय होतं ते बघितलंत. आता औषध न घालता करून बघा, त्याशिवाय निष्कर्ष लिहायचा नाही."

मी काचेवर हात दाबला, पण स्टिकर त्याच्या मागच्या कागदासकट तळहातात लपवून ठेवलं.

"चढवलं?"

"हो!"

सरांनी मोबाइलवर बोट मारलं. दिवा विझला. टाळ्या!

मी खाली उतरले आणि हात वर करून मूठ उघडली. "कवच तर माझ्याकडेच आहे! चिकटवलंच नाही! मग दिवा कशाने गेला?"

मला वाटलं, आता संपलं. लोक म्हणतील, अरे हो की. सर पळतील.

चिमाजीसर माझ्याहून चलाख होते. "बघा मंडळी!" ते गरजले. "नुसतं पोरीच्या हातात व्हतं, हात गाडीत व्हता, तेवढ्यानं दिवा गेला! काचेला लागलं असतं तर काय झालं असतं?"

मघाचे आजोबा मान डोलवत म्हणाले, "लई पावर हाय."

आणि गर्दी पुन्हा टाळ्या वाजवायला लागली. मी तिथे मूठ उघडी धरून उभी. इतकं खरं डोळ्यांसमोर दाखवूनही ते कोणाला दिसू नये, हे मला माहीतच नव्हतं. पप्पा जवळ आले, माझ्या हातातलं स्टिकर घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "चार मान्सांत शोभा केलीस माजी." मग त्यांनी दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले पैसे चिमाजीसरांना दिले आणि स्वतःच्या हाताने काचेवर कवच चिकटवलं. दिवा गेला म्हटल्यावर दुरुस्ती कशाला?

परत येताना डिंभ्याच्या पुढे घाट लागला, धुकं उतरायला लागलं. एका चढाच्या वळणावर पिवळा दिवा पेटला. मी बघितलं, पप्पांनीही बघितलं. पप्पांनी गिअर बदलला आणि गाडी तशीच पुढे नेली. पुढच्याच वळणावर गाडीने दोन आचके दिले आणि इंजिन बंद पडलं.

गाडी मागे सरकायला लागली.

"पप्पा, ब्रेक!"

"दाबतोय, दगडावानी झालाय!"

इंजिन बंद पडलं की ब्रेक जड होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पप्पांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी कठड्याला घासून थांबली. कठड्यापलीकडे धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. इंद्रायणीने माझा हात एवढा घट्ट धरला होता की तिची नखं रुतली. काचेवर कवच छान चमकत होतं.

थोड्या वेळाने गाडी पुन्हा सुरू झाली. वाडीजवळ मैत्रिणींना उतरवताना पप्पा म्हणाले, "घरी कोनाला सांगू नका गं पोरींनो. उगा घाबरतील." त्या दोघींनी होकारार्थी मान डोलावली. मला ते अजिबात आवडलं नाही.

घराच्या वरच्या टेकाडावर रेंज येते. तिथून पप्पांनी कवचवाल्यांना फोन लावला, स्पीकरवर.

"कवच घेताना दिवा लागलेला होता का, सर?" पलीकडची बाई.

"व्हता तर! सरांनी समद्यांसमोर घालवला."

"मग तो दोष आधीचा. आधीचा दोष कवचात बसत नाही."

"अवं बाई, पन घालवला ना!"

"घालवला असेल, तर आता फोन कशाला केलात, सर?"

फोन बंद. पप्पांनी मोबाइल खिशात टाकला. मग मला म्हणाले, "डोंगरात रेंज न्हाई ना, म्हनून तुटलं असंल ते."

दुसऱ्या दिवशी मी एसटीने घोडेगावला उज्ज्वला मॅडमच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. आत गेल्या आणि काडेपेटीएवढं काळं यंत्र घेऊन आल्या.

"नाडीयंत्र!" मी ओरडले.

"माझीही गाडी जुनीच आहे गं. हे कुठेही मिळतं. गाडीतल्या संगणकाला बिघाड कळला की तो दिवा लावतो आणि काय बिघडलं ते लक्षात ठेवतो. हे यंत्र ते वाचून मोबाइलवर दाखवतं. आणि ॲपमध्ये पुसायचं बटणही असतं. पुसलं की दिवा जातो."

"आणि बिघाड?"

"थर्मामीटर झटकला की पारा खाली येतो, कल्याणी. ताप उतरतो का?"

संध्याकाळी मी यंत्र घेऊन घरी आले. पप्पांनी गाडी चालू केली, पिवळा दिवा लागलेलाच. आई, वैजयंती तिचं नाव, झोडलेल्या भाताचा पेंढा सोडून अंगणात आली. मी आधी काचेवरचं कवच खरवडून काढलं आणि पप्पांच्या हातात दिलं. मग यंत्र खोचलं. मोबाइलवर आलं, इंजिनाला डिझेल पुरेशा दाबाने मिळत नाही.

"हे पेठला त्यांनाही दिसलं असणार, पप्पा. त्यांनी नाडी बघितली, आजार कळला, आणि आपल्याला न सांगता पुसून टाकला."

मी बटण दाबलं. कवच पप्पांच्या मुठीत, गाडीपासून चार हात लांब. दिवा विझला.

"मोबाइलवर नोंदणी नव्हतीच ती, पुसणं होतं," पेठचं सगळं आमच्याकडून ऐकलेली आई हळूच म्हणाली.

गाडी तशीच चालू ठेवली. पप्पांनी दोन-चारदा ॲक्सिलरेटर दाबून बघितला. आम्ही तिघं दिव्याच्या जागेकडे बघत उभे. चांगला वेळ गेला आणि इंजिनाने आचका दिला. पिवळा दिवा आपला आपण परत आला. पप्पांनी गाडी बंद केली आणि ते घराच्या पायरीवर जाऊन बसले. मला वाटलं होतं, माझं खरं ठरलं की मला लई भारी वाटेल. तसं काही वाटलं नाही.

"घाटात तुमी पोरी मागं व्हत्या," एवढंच ते बोलले.

मी त्यांच्या शेजारी बसले. जे गर्दीला सांगता आलं नाही, ते पप्पांना तरी सांगितलं. वॉरंटी घेणं वाईट नाही. पण आधी गाडी चांगल्या मेकॅनिककडून तपासून घ्यायची, मग विचारायचं, यात काय बसत नाही? उत्तराच्या जागी चमत्कार दाखवला, तर तिथून उठायचं. दिवा लिंबाने विझवला काय किंवा ॲपने, विचारायचा प्रश्न एकच: आत काय बिघडलंय?

आईने विचारलं, "मग सोमवारी शाळेचं काय?"

माझी आवरलेली पेटी आत कोपऱ्यात होती. मी पायरीवरून उठले आणि आवाज वक्तृत्वातल्यासारखा खणखणीत निघाला.

"मी ठरवलंय. गाडीचा बिघाड दुरुस्त होईपर्यंत मी हॉस्टेललाच राहणार. आणि पप्पा, आत्ता समृद्धी आणि इंद्रायणीच्या घरी जाऊन घाटात काय झालं ते मी सांगणार आहे. तुम्ही नको म्हणालात तरी."