दोन्ही दंडांच्या गाठी

"न्यायचंच हाय तर मला ने. माझ्या गवऱ्या कवाच्या मसणात पोचल्यात. डोळं मिटून बसलाय का तू?"

साळुबाई देव्हाऱ्यातल्या गणपतीला झापत होती. पडद्याअलीकडे खाटेवर पडलेल्या रत्नाने ते ऐकलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई देवाशी भांडायला लागल्या म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी ती पुण्याच्या दवाखान्यातून वारूळवाडीला परतली ती दोन्ही हातांना काखेपासून कोपरापर्यंत घट्ट पट्टे बांधून. नवनाथने, तिच्या नवऱ्याने, वाटेतच सांगून ठेवलं होतं, "गाठी काढल्या म्हणायचं. कोण कशाला इचारतंय?"

खरंच कुणी विचारलं नाही. दोन्हीकडे गाठी म्हटल्यावर विचारायला उरतं काय? शेजारची कुशाबाई शहाळं घेऊन आली. "आमच्या नणंदेला बी तसंच झालं व्हतं. सहा महिनं लई चांगली व्हती," एवढं बोलली आणि तोंडाला पदर लावून चहा न घेताच गेली.

खरी गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. रत्ना नारायणगावच्या शाळेत शिक्षिका. थायरॉइडने अंग सुजलं, औषधाने ओसरलं, पण दंडांची कातडी काही मागे फिरली नाही. एकदा फळ्यावर पाढा लिहिताना पहिल्या बाकावरून कुजबुज आली, "बाईंचा दंड बघ, झोळी हालतीया." त्या दिवसापासून रत्नाने फळ्याची वरची ओळ कोरी सोडली. मे महिन्याची सुट्टी लागताच पुण्याला जाऊन लोंबती कातडी कापून, शिवून आली. बेचाळिसाव्या वर्षी!

आता हात डोक्यापर्यंत जात नव्हते. साळुबाईच तिची वेणी घालायची, घास भरवायची आणि मग स्वतः चुलीपाशी बसून अळणी जेवायची. "बीपी हाय मला," म्हणायची. बीपी कसलं? नवस होता. सून बरी होऊ दे, संकष्टीला लेण्याद्रीच्या पायरी-पायरीला हळदकुंकू लावते. वय बहात्तर, गुडघ्यांचे झालेले भोपळे.

"आये, नको जाऊ," नवनाथ म्हणाला.

"तू गप ऱ्हा. तुला काय कळतंय?"

नवनाथने बायकोकडे बघितलं. बायकोने भिंतीकडे.

संकष्टीला रत्नाही सोबत गेली. पायथ्याला डोलीवाल्याने हाक मारली, "आजी, डोली करा की!"

"डोलीत बसून नवस फिटतो व्हय रं? तूच बस, मी उचलते."

लोक हसले. साळुबाई वाकली. हळद, कुंकू, नमस्कार. पुढची पायरी. पुन्हा हळद, कुंकू, नमस्कार. चाळिसाव्या पायरीला तिचा गुडघा लचकला. सावरायला रत्नाचे हात पुढे झाले, पण टाके ओढले गेले आणि ते अर्ध्यातच थांबले. कुणा परक्या बाईने धावत येऊन म्हातारीला धरून बसवलं.

श्वास जुळल्यावर साळुबाईने इकडे तिकडे बघितलं. ती बाई पुढे निघून गेली होती.

"रत्ने, हितं घरचं कुणी न्हाई. खरं सांग. क्यान्सरच हाय ना?"

एवढ्या दिवसांत तो शब्द कुणी उच्चारला नव्हता.

"नगं सांगू," साळुबाई आपणच म्हणाली. "मी गणपतीला बोललेय, माझं ऱ्हायलेलं समदं आयुष्य हिला लाव म्हणून." तिने अंगठा कुंकवात बुडवला आणि दगडाला हात टेकून उठायला लागली.

"आत्याबाई, बसा," रत्ना म्हणाली. "गाठ नव्हती. एकसुद्धा नव्हती. माझे दंड लोंबत होते, पोरं हसायची, म्हणून मी ते कापून बारीक करून घेतले."