पानाच्या तळाचा नंबर

वहिनीच्या दवाखान्याची वेबसाइट नणंदेने फुकट करून दिली होती, त्यामुळे तिच्यावर हक्काने रागावता येत असे. वहिनी दातांची डॉक्टर. पानाच्या तळाशी फोन नंबर दिसत नाही, ही तिची तक्रार.

नणंदेला कारण लगेच कळलं. नंबर तिने वरच्या पट्टीच्या फाइलमध्ये ठेवला होता. तळपट्टीची फाइल वेगळी. एकीतलं दुसरीला आपोआप दिसत नाही, मुद्दाम हाती द्यावं लागतं. पण चाळीस पानांसाठी एवढं कोण करत बसणार? तिने नंबर सगळ्या फाइलींना खुला करून टाकला आणि हात झटकले.

पेशंटांचे अभिप्राय दाखवणारी फाइलही ‘नंबर’ हाच शब्द वापरत होती. ती वरची पट्टी आणि तळपट्टी यांच्या मधे चालायची आणि जाता जाता डॉक्टरांच्या नंबरवर शेवटच्या पेशंटचा नंबर चढवायची; तळाशी मग तोच दिसायचा. हा पेशंट म्हणजे एक निवृत्त बसचालक, सगळे त्यांना कप्तान म्हणत. कवळी छान बसली, एवढंच लिहून ते मोकळे झाले होते.

त्यांचा फोन वाजू लागला. पहिल्या दिवशी त्यांनी चुकीचा नंबर म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी एक बाई दाढदुखीने रडतच होती, तेव्हा त्यांना राहवलं नाही; तिला चारला दवाखान्यात जायला सांगितलं. उभा जन्म वेळापत्रकात गेलेला माणूस. त्यांनी पेशंटांच्या वेळा लिहायला वहीच उघडली.

तीन आठवडे पेशंट ठोक्याला येत होते. वहिनीला वाटलं, स्वागताला बसणारी मुलगी सुधारली. मुलीला वाटलं, डॉक्टर परस्पर वेळा देतात. फोन येत नाहीत याचं तिला दुःख नव्हतं.

मग एके दिवशी कप्तान वही घेऊनच आले.

“आठ दिवस लेकीकडे जातोय,” ते म्हणाले. “तुमचे पेशंट तेवढे तुम्ही सांभाळा.”

वहिनीने नणंदेला फोनवर सोलून काढलं. नणंदेने दोन दिवस बसून प्रत्येक फाइलच्या हाती तिचं तिचं दिलं; तळाशी दवाखान्याचा नंबर आला. इतकं स्वच्छ काम तिने आजवर केलं नव्हतं.

आठवड्याभराने वहिनीचा पुन्हा फोन आला. मागून पेशंटांची भांडणं ऐकू येत होती. स्वागताच्या मुलीने तिघांना एकच वेळ दिली होती.

“तो नंबर बदलता येईल का?”

“कुठला टाकू?”

“कप्तानांचा. विचारलंय मी त्यांना.”