तिसऱ्या तारेखालचा स्क्रू

"अजून अर्धा फेरा वर घे," भाऊ म्हणाले.

अस्मिताने स्क्रूड्रायव्हर उचलला, पण खाचेत घातला नाही. "आता तो तारेला लागेल, भाऊ."

"लागत नाही. चाळीस वर्षं वाजवतोय मी."

भाऊ म्हणजे तिचे सासरे, माणिक चेंदवणकर. वय बहात्तर. एकेकाळी ऑर्केस्ट्रात आणि रेकॉर्डिंगला स्टील गिटार वाजवायचे. ही गिटार गळ्यात अडकवायची नव्हे. टेबलासारखी चार पायांवर उभी राहते. वर दहा तारा, खाली पायाने दाबायची पेडलं. डाव्या हातातली गुळगुळीत पोलादी कांडी तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताने छेडायचं. तारांचा आवाज उचलणाऱ्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली एक छोटा स्क्रू असतो. तो वर घेतला की ती तार मोठी बोलते, खाली घेतला की दबते. फारच वर घेतला तर पिकअपमधला चुंबक तारेलाच ओढतो आणि सूर बिघडतो.

भाऊंची बोटं वाजवताना स्थिर असत, पण स्क्रूड्रायव्हर धरला की थरथरत. अस्मिता घराजवळच, बोरीवलीत, चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर फ्रेमचे मोहरीएवढे स्क्रू पिळायचे, त्यामुळे हे काम तिच्याकडे आलं होतं.

आज बारा वाजता अंधेरीला रेकॉर्डिंग होतं. गंधाली नावाच्या तरुण संगीतकार मुलीने भाऊंना शोधून काढलं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बोलावलं होतं. टेंपो साडेदहाला येणार होता. आता सव्वानऊ झाले होते.

अस्मिताने अर्धा फेरा दिला. भाऊंनी कांडी अगदी वरच्या सुरांपर्यंत सरकवून तिसरी तार छेडली. दहांतली ती सगळ्यांत बारीक तार. अस्मिताच्या कानात दाभण गेल्यासारखं झालं. त्यात कांडीच्या दाबाने तार स्क्रूवर टेकली आणि स्पीकरमधून टक्‌ असा आवाज आला.

"लागली," ती म्हणाली.

"काय लागलं?"

"तार. टक्‌ झालं ना आत्ता."

भाऊंनी पुन्हा छेडली. पुन्हा टक्‌. त्यांच्या कपाळावरची आठी हलली नाही. "अजून मिणमिणतेच आहे. पिकअपच म्हातारा झालाय."

गणपतीपासून हेच चाललं होतं. तिसरी तार वरच्या सुरांत दबते म्हणून त्यांनी तीनदा तार बदलली, मग वायर बदलली, मग स्पीकरवाल्याशी भांडले. आता स्क्रू. या दोन महिन्यांत टीव्हीचा आवाजही वाढत गेला होता. कुकरची शिट्टी झाली तरी भाऊ "गॅस बंद कर" म्हणायचे थांबले होते. अस्मिताने नवऱ्याला, सिद्धेशला, हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "रेकॉर्डिंग होऊ दे. आत्ता काही बोलू नकोस यार." आणि तो ऑफिसच्या कामाला नाशिकला निघून गेला.

तिने फोनवर आवाज मोजायचं ॲप उघडलं. "हे बघा. बाकीच्या तारांना काटा इथे, तिसरीला सरळ लालमध्ये."

"फोनला काय कळतं?" भाऊंचा आवाज चढला. चिडले की ते मालवणीत शिरत. "माका शिकवू नको. आणखी पाव फेरा दी, मी आंघोळ करून येतंय."

बाथरूमचं दार लागलं.

अस्मिता गिटारपुढे गुडघ्यावर बसून राहिली. अशीच गिटार अंधेरीला गेली तर पहिल्या सुराला सगळ्यांना कळणार होतं. स्टुडिओच्या काचेपलीकडून कुणीतरी नवखं पोर म्हणणार, काका, तार लागतेय. आणि भाऊ म्हणणार, लागत नाही.

तिने स्क्रू उलटा फिरवला. पाव, अर्धा, एक फेरा. तार छेडून बघितली, फोन बघितला. आणखी एक. अडीच फेऱ्यांना काटा बाकीच्या तारांच्या ओळीत आला आणि कानालाही ती तार इतरांसारखी वाटली. तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

भाऊ पांढरा शर्ट घालून आले. "घेतलास वर?"

"हो," अस्मिता म्हणाली.

ते बसले, कांडी सरकवली, छेडली. डोळे मिटून ऐकलं. "बघ. आता कशी मोकळी झाली."

स्क्रू अडीच फेरे खाली होता आणि माणूस खूष होता.

गिटार पेटीत घालण्याआधी भाऊंनी खिशातून जुनं व्हिजिटिंग कार्ड काढलं. तारेखालचं अंतर ते कार्ड सरकवून बघत, सवयच होती. पहिल्या तारेखाली गेलं. दुसऱ्या तारेखाली गेलं. तिसऱ्याखाली सुळकन गेलं आणि वर जागा उरली. त्यांनी कार्ड दुमडून पुन्हा सरकवलं. तरीही गेलं.

"अस्मिता, हा स्क्रू खाली आहे."

"हो."

"तू वर घेतला म्हणालीस."

"खोटं बोलले."

भाऊंनी कार्ड खिशात ठेवलं. "का?"

"तार नीट आहे, भाऊ. पहिल्यापासून नीट होती. तुम्हाला ती ऐकू येत नाही."

ते ताडकन उठले. कांडी जमिनीवर पडून घरंगळत कपाटाखाली गेली. अस्मिताने ती काढून हातात धरली. खालून टेंपोचा हॉर्न वाजला, अर्धा तास आधीच.

"मी भिंतीकडे तोंड करतो," भाऊ म्हणाले. "तू वाजव. कुठलीही तार. मी सांगतो."

"नको ना, भाऊ."

"वाजव म्हटलं ना."

तिने आवाज थोडा कमी केला आणि आठवी तार छेडली. "आठवी," ते लगेच म्हणाले. पाचवी. "पाचवी. त्यात काय?" मग तिने कांडी अगदी टोकाला नेली आणि तिसरी तार हलक्या हाताने छेडली. भाऊ उभे होते. पांढऱ्या शर्टावर पाठीला इस्त्रीची घडी दिसत होती. तिने पुन्हा छेडली. मग आणखी एकदा.

"वाजव की," भाऊ म्हणाले.

"वाजवली. तीनदा."

ते वळले नाहीत. हात पुढे करून त्यांनी भिंत धरली. हॉर्न पुन्हा वाजला, अस्मिताने खिडकीतून हात करून ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. ती परत आली तेव्हा भाऊ पलंगावर बसले होते आणि फोन कानाला होता.

"गंधाली, मी भाऊ बोलतोय. मला वरच्या सुरांत ऐकू येत नाहीये. आज कळलं. तू दुसरा माणूस बघ."

अस्मिताला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. भाऊ मध्येमध्ये "हं" म्हणत होते. मग ते म्हणाले, "गाण्यातला मधला तुकडा वाजवीन. त्यात काही नाही. पण सुरुवातीचे चार सूर वरचे आहेत, त्यांचं काय?" थोड्या वेळाने त्यांनी फोन खाली ठेवला. "ये म्हणतेय. म्हणे, बघू." आणि अस्मिताकडे न बघता, "पेटी बंद कर."

स्टुडिओत मधला तुकडा ते एका झटक्यात वाजवून गेले. गंधाली काचेपलीकडे डोळे मिटून ऐकत होती. मग ते चार सूर आले. पहिल्यांदा ते उतरलेले लागले, अस्मितालाही कळलं. भाऊंना कळलं नाही. त्यांनी काचेकडे बघितलं आणि चेहऱ्यांवरून ओळखलं. दुसऱ्यांदा गंधाली आत येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली आणि बोटाने खुणा करू लागली, थोडं वर, आणखी, थांबा. सहा वेळा झालं. सहाव्यांदा तीन सूर बरोबर बसले, चौथा नाही. भाऊंचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"भाऊ, मी हे चार कीबोर्डवर घेते," गंधाली म्हणाली. "बाकी सगळं तुमचं ठेवते. चालेल?"

अस्मिताने भाऊंकडे बघितलं.

"चालेल," भाऊ म्हणाले. "पण कुणी काय वाजवलं ते लिहिताना माझं नाव त्या चार सुरांना लावू नकोस."

परतताना टेंपोत पुढे भाऊ खिडकीशी बसले, अस्मिता त्यांच्या आणि ड्रायव्हरच्या मधे. मालाड आलं.

"सिद्धेशला माहीत होतं?" भाऊंनी विचारलं.

"हो."

"म्हणजे मी सोडून घरात सगळ्यांना."

ड्रायव्हरने रेडिओ लावला होता, तो भाऊंनी हात लांबवून बंद केला.

"पुन्हा असं खोटं बोलायचं नाही. तोंडावर सांगायचं."

"सांगेन."

"कानाचा डॉक्टर आहे कुणी तुमच्या दुकानाजवळ?"

"वरच्याच मजल्यावर बसतात. सोमवारी असतात."

"सोमवारी जाऊ," भाऊ म्हणाले, आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.